चरबीची चिठ्ठी

ऐका तर मग. आजची गोष्ट राजाराणीची नाही, उंदरांची आहे. उंदरांच्या मागून एक मुलांचा डॉक्टर येईल, त्याच्यावर रागावलेली एक आई येईल आणि शेवटी आपलं पुणंही येईल. मुक्ता, ती वेफर्सची पिशवी बाजूला ठेव. बरं, नको ठेवू, खा. पण कुरकुर आवाज करू नकोस.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. त्याच्या किनाऱ्याला लागून माउंट डेझर्ट नावाचं बेट, आणि बेटावर बार हार्बर नावाचं गाव. या गावात जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे उंदीर वाढवतात. चोरून धान्य खाणारे आपले घरातले नव्हेत. ज्यांची आजी, पणजी, खापरपणजी वहीत नोंदलेली आहे असे खानदानी उंदीर. १९४७ साली त्या बेटावर वणवा पेटला आणि प्रयोगशाळा उंदरांसकट जळाली. पण तिथले उंदीर आधीच देशोदेशी गेलेले होते. ज्यांच्याकडे गेले होते त्यांनी आपापल्याकडच्या जोड्या परत पाठवल्या आणि जळालेली घराणी पुन्हा नांदू लागली. हे मी उगीच सांगितलं, गोष्टीला त्याची गरज नव्हती. पण मला ते आवडतं.

दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, एका पिंजऱ्यात काही पिल्लं विचित्र वाढताना दिसली. भावंडं चपळ, सडपातळ. आणि ही मात्र खातच सुटलेली. मोठेपणी त्यांचं वजन साध्या उंदराच्या तिप्पट भरायचं. धड पळता येईना, पिल्लंही होईनात. आईबाप मात्र चांगले सडसडीत. मग हे आलं कुठून? दोघांकडूनही. आईकडे जनुकाची एक बिघडलेली प्रत, वडिलांकडेही एक. प्रत्येकाकडे दुसरी प्रत चांगली असल्यामुळे त्या दोघांचं काही अडलं नाही. ज्या पिल्लाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या, ते लठ्ठ झालं. या जनुकाला शास्त्रज्ञांनी ‘ओबी’ असं नाव दिलं. पुढे १९६६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत आणखी एक लठ्ठ घराणं निघालं. त्यांना लठ्ठपणाबरोबर मधुमेहही होता. त्यांचं नाव ‘डीबी’.

दोन्ही उंदीर शेजारी ठेवले तर सारखेच गुबगुबीत. पण दोघांचा रोग एकच की वेगळा? हे कसं ओळखाल?

डग्लस कोलमन नावाचे एक शास्त्रज्ञ होते, मूळचे कॅनडाचे. त्यांनी जे केलं ते ऐकायला तुम्हाला क्रूर वाटेल. वाटू दे, मलाही वाटतं. त्यांनी दोन उंदरांच्या कुशीची कातडी एकमेकांना शिवली. जखम भरली की दोघांच्या बारीक रक्तवाहिन्या जुळतात आणि याचं थोडंथोडं रक्त त्याच्यात फिरू लागतं. डोकी दोन, पोटं दोन, पण रक्तात तरंगणारी रसायनं मात्र वाटून घेतलेली.

पहिली जोडी: डीबी आणि एक साधा उंदीर. काय व्हावं? साधा लठ्ठ होईल, किंवा लठ्ठ बारीक होईल, असंच कोणीही म्हणेल. झालं भलतंच. साध्या उंदराने खाणंच सोडलं. अन्न समोर असताना तो उपाशी मेला. डीबी आपला मजेत खात राहिला.

दुसरी जोडी: ओबी आणि साधा. इथे साध्याला काही झालं नाही, ओबीचं खाणं मात्र कमी झालं आणि वजन पूर्वीसारखं भराभर वाढेना.

तिसरी जोडी तर दोन्ही लठ्ठांची, ओबी आणि डीबी. ओबी खायचा थांबला, वाळत गेला आणि मेला. डीबी तसाच लठ्ठ.

आता जरा डोकं चालवा. ओंकार, काय वाटतं?

“डीबीच्या रक्तात विष असणार.”

असं असतं तर डीबी आधी मेला असता. मुक्ता?

“डीबीच्या रक्तात काहीतरी आहे, जे सांगतं की खाऊ नका. पण त्याला स्वतःला ते ऐकूच येत नाही.”

शाब्बास! आणि ओबीचं?

“त्याच्याकडे ते काहीतरी नाहीच. पण दुसऱ्याकडून आलं तर त्याला ऐकू येतं.”

हेच कोलमननी १९७३ मध्ये लिहिलं. त्यावर कित्येकांनी नाकं मुरडली. खादाडपणा म्हणजे जिभेचा आणि मनाचा दोष, त्यात रक्तातलं रसायन कुठून आलं, असं त्या काळी पुष्कळ शहाण्यांना वाटायचं. आजही वाटतं. शिवाय ते रसायन कोलमनना पकडता आलं नव्हतं. ते आहे एवढंच कळलं. कसं आहे, कोण बनवतं, काहीच माहीत नाही. अशी वीस वर्षं गेली.

आता डॉक्टर येतात. रुडॉल्फ लायबेल हे मुलांच्या हॉर्मोन्सचे डॉक्टर, म्हणजे पीडिॲट्रिक एंडोक्रिनॉलॉजिस्ट. हे शिक्षण लांबलचक असतं. आधी सगळ्या रोगांचं, मग मुलांच्या रोगांचं, मग फक्त ग्रंथींचं. अमेरिकेत आज वैद्यकीय पदवीनंतरही साधारण सहा वर्षं शिकावं लागतं. आणि शिकायचं काय? मूल वाढतं कसं, हे. उंची मिलिमीटरपर्यंत नीट मोजायची. ती आलेखावर मांडायची आणि मागच्या वर्षीच्या ठिपक्याशी जोडायची. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघायचं, कारण दहा वर्षांच्या मुलाची हाडं आठ वर्षांची असू शकतात, बारा वर्षांचीही असू शकतात. गळ्यातली थायरॉइड, मेंदूच्या तळाशी लोंबणारी वाटाण्याएवढी पिट्युटरी, मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल, यातली प्रत्येक ग्रंथी काय पाठवते, कोणाला पाठवते, किती पाठवते, ते पाठ करायचं. लायबेल शिकले तेव्हा चरबी मात्र त्या यादीत नव्हती. तिचं काम पडून राहण्याचं, असंच सगळे धरून चालले होते.

सत्तरच्या दशकात लायबेल बॉस्टनजवळ मुलं तपासत. एकदा एक आई आपल्या अतिशय लठ्ठ मुलाला घेऊन आली. लायबेलनी तपासलं, नेहमीची सगळी हॉर्मोन्स बघितली. सगळं ठीक. मग त्यांनी नेहमीचाच सल्ला दिला: कमी खायला द्या, जास्त हालचाल करू द्या. आई उठली, मुलाचा हात धरला आणि या डॉक्टरला काही कळत नाही असं तोंडावर सांगून निघून गेली. दुसरा कोणी असता तर तिलाच उद्धट म्हणाला असता. लायबेलना वाटलं, बाई खरं बोलली.

१९७८ मध्ये ते चांगली नोकरी सोडून, कमी पगारावर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले. तिथे ज्यूल्स हर्श हे लठ्ठपणाचा अभ्यास करत. हर्श लठ्ठ माणसांना महिनोन्‌महिने रुग्णालयातच ठेवून, मोजून मापून पातळ अन्न देत. वजन उतरायचं. मग त्यांनी चरबीच्या पेशी मोजल्या. पेशी आकाराने लहान झाल्या होत्या, संख्येने तेवढ्याच! माणसं आनंदाने घरी जायची आणि बहुतेकांचं वजन परत यायचं. ही मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक घरात घडणारी गोष्ट आहे, फक्त तिथे कोणीतरी ती मोजली.

त्याच विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन हे तरुण शास्त्रज्ञ होते. १९८० च्या दशकात दोघांनी मिळून ओबी जनुकाचा माग काढायला घेतला. तेव्हा आजच्यासारखं संगणकावर जनुकांचं पुस्तक उघडता येत नव्हतं. शेकडो उंदीर जन्माला घालायचे, लठ्ठ कोण आणि बारीक कोण ते बघायचं, प्रत्येकाचा डीएनए तपासायचा आणि बिघाड सहाव्या गुणसूत्राच्या कोणत्या गल्लीत आहे, ते वीत वीत पुढे सरकत शोधायचं. आठ वर्षं लागली. ८ मे १९९४, रविवारची पहाट. अंधाऱ्या खोलीत फ्रीडमननी एक फिल्म धुतली. तिच्यावर दिसलं की हे जनुक फक्त चरबीत काम करतं.

फक्त चरबीत! म्हणजे कोलमनच्या उंदरांच्या रक्तातून जाणारा तो निरोप चरबीच पाठवत होती. घरातल्या कणगीत धान्य किती उरलं, याची चिठ्ठी कणगीनेच रोज घरधनिणीला पाठवावी, तसं. चरबी भरपूर असली की चिठ्ठीत ‘पुरे’. चरबी आटली की चिठ्ठ्या येईनाशा होतात आणि मेंदू म्हणतो, दुष्काळ आला, खा, हालचाल कमी करा, पिल्लं आत्ता नकोत. चिठ्ठी वाचली जाते ती मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात. ओबी उंदराची कणगी चिठ्ठी लिहीतच नव्हती. डीबीच्या घरी चिठ्ठ्यांचा ढीग, पण वाचणारं कोणी नाही. मुक्ताने सांगितलं ते असं. या रसायनाला पुढे लेप्टिन म्हणू लागले.

१ डिसेंबर १९९४ ला ‘नेचर’ नियतकालिकात लेख आला. लेखक सहा. त्यात फ्रीडमन होते, लायबेल नव्हते.

“का, आजोबा?”

बाळा, दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, आणि मी काही न्यूयॉर्कचा पंच नाही. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण माझ्या मते, ज्याला एका आईचं बोलणं इतकं लागलं की त्याने बिऱ्हाड हलवलं, त्याचं नाव त्या यादीत असतं तर यादी जास्त शोभली असती.

आता खरी मुलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजला स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी हे दोन डॉक्टर काम करत. त्यांच्याकडे दोन मुलांची केस आली. पाकिस्तानी वंशाची कुटुंबं, मुलं एकमेकांची नात्यातली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, २९ किलो. ओंकार, तू नऊ वर्षांचा, तुझं किती? सव्वीस. म्हणजे दोन वर्षांचं मूल तुझ्याहून जड. दोघंही जन्मली तेव्हा इतर बाळांसारखीच होती, साडेतीन किलोच्या आसपास. पहिल्या काही महिन्यांतच वजन सुटलं. सतत भूक. ताटावरून उठलं की पुन्हा मागणं. मुलीच्या पायांना वजन पेलवेना, शस्त्रक्रिया करावी लागली, चरबी उपसून काढण्याचाही प्रयत्न झाला. आणि आईबापांना लोक काय म्हणत असतील? तुम्हीच लाडावलंय!

रक्त तपासलं. एवढी चरबी, म्हणजे लेप्टिन भरपूर हवं. ते जवळपास नव्हतंच. जनुक वाचलं तर डीएनएच्या अक्षरांतलं एक अक्षर गळलेलं. एकच! बार हार्बरच्या त्या पिल्लांसारखीच ही मुलं. दोन्ही प्रती बिघडलेल्या. हे १९९७ मध्ये छापून आलं.

मग त्या मुलीला कारखान्यात तयार केलेलं लेप्टिन रोज कातडीखाली टोचायला सुरुवात झाली. तेव्हा ती ९ वर्षांची, वजन ९४.४ किलो. काही दिवसांत भूक उतरली. कोणी रागावलं नाही, कपाटाला कुलूप लावलं नाही, खाऊ लपवला नाही. ती आपणहून ‘पुरे’ म्हणू लागली. वर्षभरात १६.४ किलो वजन गेलं आणि गेलेली जवळजवळ सगळी चरबीच होती. तिच्या नात्यातला मुलगा ३ वर्षांचा असताना ४२ किलोचा होता. चार वर्षांच्या उपचारांनंतर ३२ किलोचा झाला. त्याचे दोन फोटो शेजारी शेजारी छापलेले आहेत. ते बघितल्यावर, लठ्ठ मूल म्हणजे हावरट मूल, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिथल्याच संशोधनात पुढे, २००९ मध्ये, आणखी काही मुलांच्या सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडाच नाही असं आढळलं. त्यातल्या काहींची नावं सरकारी समाजसेवा खात्याने ‘धोक्यातली मुलं’ म्हणून नोंदवली होती. आईबाप मुद्दाम जास्त खाऊ घालतात असा संशय होता. तपासणीनंतर ती नावं काढली गेली.

“मग सगळ्या जाड लोकांना ते इंजेक्शन का नाही देत?”

अगदी हाच प्रश्न औषध कंपन्यांना पडला होता. ॲमजेन नावाच्या कंपनीने लेप्टिनच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. आणि मग कळलं की बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. त्यांच्या चिठ्ठ्या जातात, ढिगाने जातात, मेंदू त्यांना भीक घालत नाही. आणखी चिठ्ठ्या पाठवून काय उपयोग? लेप्टिनच मुळात नाही अशी माणसं जगात फार थोडी; त्यांच्यासाठी ते अमृत, बाकीच्यांसाठी जवळजवळ पाणी. कंपनीचे पैसे काही वसूल झाले नसावेत. मला त्याचं फारसं दुःख नाही.

पण लायबेल थांबले नव्हते. त्यांनी, हर्श यांनी आणि मायकेल रोझेनबॉम यांनी १९९५ मध्ये दाखवलं की माणसाने वजन १० टक्क्यांनी उतरवून तिथेच टिकवलं, तर त्याचं शरीर खर्च कमी करतं. शरीर लहान झालं म्हणून थोडा खर्च कमी होणारच. पण तेवढं धरूनही, वर आणखी सुमारे १५ टक्के काटकसर! म्हणजे तुझ्या मामाने डाएट करून वजन उतरवलं, की त्याला त्याच वजनाच्या दुसऱ्या माणसापेक्षा कमी जेवूनच राहावं लागतं. वर भूक जास्त. तो परत जाड झाला की घरचे म्हणतात, याला निश्चय नाही. मग २००५ मध्ये लायबेल आणि रोझेनबॉम यांनी अशा वजन उतरलेल्या माणसांना थोडंसं लेप्टिन दिलं, वजन उतरण्याआधी त्यांच्या रक्तात होतं तेवढं भरून निघेल इतकंच. शरीराची काटकसर बरीचशी सुटली. तेव्हा लक्षात आलं की चरबीची चिठ्ठी ‘पुरे’ सांगण्यात कच्ची आहे, ‘संपत आलं’ ओरडण्यात पक्की. लाखो वर्षं माणसाला भीती होती ती उपासमारीची. मिठाईच्या दुकानाची नव्हती.

आता आपलं पुणं. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय तुम्ही बघितलंय. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे मित्र. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचा शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मग दोघांच्या अंगातली चरबी मोजली. एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. कोणाची जास्त, सांगा?

“गोऱ्यांची!”

नाही. आपल्या पुणेकराची. दिसायला दोघे सारखे सडपातळ, आत चरबी दुपटीहून जास्त. आणि हे आईच्या पोटात असल्यापासूनच असतं. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान, सगळंच कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. हडकुळी बाळं, तरी चरबी राखून ठेवलेली. अशी मुलं पुढे भरपूर खाण्याच्या काळात वाढली की मधुमेह लवकर गाठतो. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी जे आलेख काढले, त्यात जादा वजनाची रेघ मोठेपणीच्या २३ बीएमआयशी जुळवली आहे. जगात इतरत्र तीच रेघ बहुधा २५ ची असते.

सूनबाई, तू मघापासून दारात उभी राहून ऐकते आहेस, तर तुलाच सांगतो. या दोन्ही मुलांची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी त्या आलेखावर मांडत जा. जास्त खाण्याने लठ्ठ झालेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र अडलीय, असं दिसलं तर थायरॉइड किंवा ॲड्रिनलची शंका घ्यावी लागते; तेव्हा मुलांच्या हॉर्मोन्सच्या डॉक्टरकडे लगेच जायचं. पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच वजन सुटलं आणि भूक कशानेच भागत नसेल, तरीही जायचं. मानेवर मखमलीसारखी काळपट घडी दिसली तर ती दगडाने किंवा डाळीच्या पिठाने घासत बसू नका. तो मळ नसतो. इन्सुलिन जास्त झाल्याची खूण असते आणि ती रक्त तपासून बघायची असते.